तिसऱ्या ट्रम्पेटचं बूच

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत जावकरावांनी सलग दहा दिवसांची रजा एकदाच घेतली, आणि त्या रजेच्या पहिल्याच दिवशी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी त्यांच्या दाराची बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या सिस्टर उभ्या होत्या. अंगात झोपायचा झगा, केस पिंजारलेले, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्या पायात बहुधा नवऱ्याची. सिस्टर मोठ्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात होत्या आणि त्यांची पुढचे दोन आठवडे रात्रपाळी लागली होती. सकाळी नऊला येऊन त्या झोपायच्या ते संध्याकाळी पाचला उठायच्या.

सिस्टर भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या माणसापुढे हात जोडून दार लावून घेता येतं. पण सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "जावकराव, रात्रभरात मी चौदा जणांना सलाईन लावलंय. आता मला झोपू द्या." जावकराव हातातलं ट्रम्पेट पाठीमागे लपवून मान डोलवत राहिले. ट्रम्पेट ही वस्तू पाठीमागे लपत नाही, दोन्ही बाजूंनी दिसते, तो भाग वेगळा.

जावकराव हे त्यांचं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्याच्या मुख्य कचेरीत आवक-जावकचं टेबल आहे. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर नंबर घालून तो रजिस्टरात चढवायचा आणि पुढे पाठवायचा, हे त्यांचं काम. कचेरीने त्यांना जावकराव केलं आणि ते नाव त्यांच्यामागोमाग इमारतीतही आलं. माणूस सज्जन, टापटिपीचा, पण आवाज असा की खिडकीवर आलेला प्रत्येक माणूस "अं?" म्हणून कान पुढे करी. चहा हवा असेल तर कँटीनमध्ये त्यांना हात वर करून उभं राहावं लागे. घरी ते बोलायला लागले की बायको आधी नळ बंद करायची. मोठ्याने बोला, असं त्यांना लहानपणापासून इतक्या जणांनी सांगितलं होतं की शेवटी त्यांनी बोलणंच कमी करून टाकलं.

अशा माणसाने दीड वर्षापूर्वी जुनं ट्रम्पेट विकत आणलं. शाळेच्या बँडमध्ये दोन वर्षं वाजवलेलं होतं, तेवढ्यावर. आणि आता खात्याच्या कर्मचारी बँडमध्ये तिसऱ्या ट्रम्पेटची जागा रिकामी झाली होती. परीक्षा दहा दिवसांनी, रविवारी सकाळी दहाला. वयोमर्यादा पंचावन्न. जावकरावांचं वय चोपन्न वर्षं दहा महिने. या परीक्षेचं परिपत्रक त्यांनी स्वतःच्या हाताने दोनशे प्रतींत रवाना केलं होतं, आणि प्रत्येक प्रतीवर नंबर घालताना ते पुन्हा एकदा वाचलं होतं. ही जागा गेली तर पुढची निघेपर्यंत ते मर्यादेबाहेर गेलेले असणार होते. आयुष्यात एकदा तरी रांगेत उभं राहून, चारचौघांत, खणखणीत काहीतरी ऐकवावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. सांगितली असती तरी ऐकू गेली नसती.

संध्याकाळी सेक्रेटरी आले. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त भूमापक. जमिनी मोजण्यात हयात गेलेली, त्यामुळे निवृत्तीनंतर ते माणसं मोजत. सिस्टरांनी तक्रार केली नव्हती, पण जिन्यातल्या तिघांनी सिस्टरांना दोन वेगळ्या चपलांत पाहिलं होतं आणि बातमी जायची तिथे गेली होती. सेक्रेटरींनी नियमावलीचं पान उघडूनच आणलं. संध्याकाळी सहा ते सकाळी नऊ वाद्यं बंद, हा नियम जुनाच. दिवसा वाजवायला हरकत नाही, मात्र आजारी किंवा झोपलेल्या रहिवाशाला त्रास झाल्यास वाद्य महिनाभर सोसायटीच्या कपाटात कुलूपबंद. आजची तोंडी ताकीद समजा, पुढच्या खेपेला कपाट, असं म्हणून त्यांनी ट्रम्पेटची लांबी टेपने मोजून घेतली. कपाटात मावतं की नाही ते आधी बघितलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

हिशेब सरळ होता. नऊ ते पाच सिस्टर झोपलेल्या, सहानंतर नियम. राहिला पाच ते सहा हा एक तास, आणि त्या तासात समोरच्या बिऱ्हाडातलं तान्हं बाळ झोपायचं. नऊ दिवस उरले होते आणि जावकरावांना अजून वरचा सूर धड लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सल्ले सुरू झाले. फुकटचा सल्ला आणि उन्हाळ्यातली माशी, दोन्ही हाकलली तरी परत येतात. एकाने सांगितलं, तोंडात मोजा कोंबा. म्हणजे ट्रम्पेटच्या. जावकरावांनी बायकोचा लोकरीचा मोजा कोंबला. आवाज कमी झाला, पण सर्दी झालेल्या म्हशीसारखा यायला लागला आणि बायकोने मोजा परत मागितला. दुसऱ्याने सांगितलं, कपड्यांच्या कपाटात बसून वाजवा, कपडे आवाज पितात. कपाटात बसल्यावर ट्रम्पेटला जागा उरेना, आणि ट्रम्पेट आत घेतल्यावर जावकरावांना. तिसऱ्याने प्लॅस्टिकची बाटली अर्धी कापून आत बसवायला सांगितली. पहिल्याच फुंकरीला ती बाटली सुटली, ती थेट बायको वाचत असलेल्या वर्तमानपत्रावर आपटली. बायकोने पान उलटलं.

मग ते पंपहाऊसला गेले. तिथे सहा पंप दिवसरात्र घरघरत असतात, त्यात एक ट्रम्पेट कुणाला कळणार, असा त्यांचा कयास. पंपचालकाने दहा मिनिटं ऐकून घेतलं आणि मग त्यांना हाताला धरून फाटकापर्यंत आणून सोडलं. पाण्याची पातळी उतरली की तिथे धोक्याची शिट्टी वाजते. ती शिट्टी आणि जावकरावांचा वरचा सूर यांत त्याला फरक करता येईना, आणि दोनदा तो उगाचच झडप उघडायला धावला होता. सूर अगदी हुबेहूब लागतो बरं का, असं तो जाता जाता म्हणाला. कौतुक होतं की काय, यावर जावकराव घरी येईपर्यंत विचार करत राहिले.

असे दोन दिवस पाण्यात गेले. शेवटी ते वाद्यांच्या दुकानात गेले, हे त्यांनी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, पण सरळ रस्ता माणसाला नेहमी सगळ्यात शेवटी दिसतो. दुकानदार म्हातारा होता आणि बसल्या जागी एका विलायती बासरीची कळ दुरुस्त करत होता. त्याने न उठता सांगितलं, तुम्हाला सरावाचा म्यूट पाहिजे. म्हणजे ट्रम्पेटच्या तोंडात बसवायचं बूच: शंकूसारखं, भोवती कॉर्कची पट्टी, आणि हवा जायला टाचणीएवढं भोक. त्याने तीन काढून ठेवले. एक विजेवर चालणारा, ज्यात आवाज फक्त वाजवणाऱ्याच्या कानात जातो. त्याची किंमत ऐकून जावकरावांच्याही कानात काहीतरी वाजलं. दुसरा ॲल्युमिनियमचा, मध्यम. तिसरा प्लॅस्टिकचा, स्वस्त.

"मधला घ्या," दुकानदार म्हणाला. "स्वस्तातल्याने सूर चढतो, आणि फुंकायला जोर लागतो. सवय बिघडते."

इथे कुणीही शहाणा माणूस मधला घेऊन घरी गेला असता. पण जावकराव सरकारी माणूस. खरेदी म्हटली की तीन दरपत्रकं हवीत, हे त्यांच्या रक्तात भिनलेलं. त्यांनी दुकानदाराकडे लेखी दरपत्रक मागितलं. दुकानदाराने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि बासरीच्या खोक्यामागे तीन किमती लिहून दिल्या. पण एका दुकानाचे तीन दर म्हणजे एकच दरपत्रक. म्हणून जावकराव दुसरं दुकान शोधत गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथे दप्तरं, छत्र्या आणि मुलांचे ढोल मिळत. म्यूट नव्हता, पण "नाही" असं लेखी मिळालं. तिसरं त्यांनी मोबाईलवरून मागवलं. मग घरी बसून तुलनात्मक तक्ता केला: अनुक्रमांक, तपशील, दर, शेरा. या सगळ्यात आणखी दोन दिवस गेले. तक्ता मंजुरीसाठी बायकोपुढे ठेवला. बायकोने तो दोनदा वाचला, शेऱ्याच्या रकान्यात "लवकर आणा" असं लिहिलं आणि सही केली.

आता तक्ता म्हटलं की त्याचा नियमही आला, आणि नियम असा की सर्वांत कमी दराची वस्तू घ्यायची. दुसरी घ्यायची तर कारण नोंदवावं लागतं. दुकानदाराने सांगितलेलं कारण तोंडी होतं. जावकरावांनी प्लॅस्टिकचा घेतला. अशा माणसांची कीव करावी की त्यांच्या पाया पडावं, हे ठरवणं अवघड आहे.

नव्या म्यूटचा कॉर्क जाड असतो. तो पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासत घासत आपल्या ट्रम्पेटला बेतायचा असतो. एकदा घासा आणि दहादा लावून बघा, असं दुकानदाराने बजावलं होतं. जावकरावांनी दहादा घासून एकदा लावून बघितला. म्यूट सुळकन आत गेला आणि तितक्याच सहज बाहेर आला, फरशीवर पडला, तीनदा उड्या मारून पलंगाखाली गेला. दुपारचे साडेबारा वाजले होते. ती फरशी म्हणजे सिस्टरांच्या डोक्यावरचं छत.

जावकराव श्वास रोखून उभे राहिले. बायको स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तीही उभी राहिली. खाली पलंग करकरला. पावलं वाजली. दार उघडल्याचा आवाज झाला आणि मग बराच वेळ काहीच नाही. पुढे कळलं, सिस्टर उठून पाणी प्यायल्या होत्या. पण ती दोन मिनिटं जावकरावांना इतकी जड गेली की त्यांनी त्याच पावली म्यूटसकट ट्रम्पेट पेटीत भरलं आणि रजेवर असूनही पेटी घेऊन थेट कचेरी गाठली.

कचेरीत त्यांना खात्याचा जुना फिटर भेटला. पाइप, नळ, गळती याखेरीज जगात काही आहे असं तो मानत नसे. जावकरावांनी हळू आवाजात अडचण सांगितली, त्याने दोनदा "अं?" केलं आणि मग म्यूट हातात घेऊन म्हणाला, "हा तर साधा जॉइंट आहे हो. ढिला झालाय. ताग गुंडाळा." आणि त्याने खिशातून तागाचे धागे काढून कॉर्कवर असे घट्ट लपेटले की पाहत राहावं. मोठ्या जलवाहिनीच्या आट्यांवरही तो हेच करायचा. ताग गुंडाळलेला सांधा आयुष्यात गळत नाही, हे पाणीपुरवठ्यातल्या शिपायालाही ठाऊक असतं. तो का गळत नाही, हेही ठाऊक असतं. पण त्या घडीला ते दोघांपैकी एकालाही आठवलं नाही.

ताग लावलेला म्यूट असा चपखल बसला की जावकरावांनी संपूर्ण ताकदीने फुंकल्यावर खोलीत डास गुणगुणल्याएवढा आवाज झाला. बायकोने नळ बंद करून ऐकला, तेव्हा कुठे तिला कळलं. जावकरावांना आनंदाने गहिवरून आलं. चार दिवस उरले होते. पण त्यांनी एक चूक केली: सेक्रेटरींना सांगितलं.

सेक्रेटरी म्हणाले, असं कसं चालेल, चाचणी झाली पाहिजे. बुधवारी संध्याकाळी सव्वापाचला, सिस्टर उठल्यावर, त्यांच्याच झोपायच्या खोलीत सेक्रेटरी वही घेऊन खुर्चीवर बसले. सिस्टर पलंगाच्या कडेला चहाचा कप घेऊन. वरती जावकरावांनी म्यूट लावून खात्याचं संचलनगीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं. गालफडं दुखली, डोळ्यांपुढे काजवे चमकले. खाली आल्यावर सेक्रेटरींनी वहीतलं वाचून दाखवलं: ध्वनी आढळला नाही.

"म्हणजे झालं ना?" जावकरावांनी विचारलं.

"कसं झालं? आवाज आला नाही, म्हणजे तुम्ही वाजवलंत याला पुरावा काय?"

तेव्हा वरती साक्षीदार बसवायचं ठरलं. जावकरावांची बायको चालणार नव्हती, ती घरची. मग सेक्रेटरी स्वतः वर बसले आणि खाली सिस्टर ऐकायला. जावकरावांनी पुन्हा सगळं वाजवलं. सेक्रेटरींनी वर "वाजवताना पाहिले" असं लिहिलं, खाली सिस्टरांचं "ऐकले नाही" घेतलं, आणि तरी त्यांचं समाधान होईना. मूळचा आवाज किती होता ते नोंदीत नाही, मग कमी झाला हे ठरवणार कसं? म्हणून तुलनेसाठी एकदा म्यूट काढून वाजवा, असा त्यांनी आदेश दिला. सहाला दहा कमी होते. जावकरावांनी म्यूट काढला, छाती भरून घेतली आणि एक सूर सोडला. समोरच्या बिऱ्हाडातलं तान्हं बाळ जे उठलं ते साडेआठपर्यंत रडत होतं. त्याच्या आईने सोसायटीच्या तक्रारवहीत तक्रार नोंदवली आणि सेक्रेटरींनी तिच्यावर नंबर घातला.

आता कपाट येणार, या धास्तीने जावकरावांना जेवण गेलं नाही. स्वतःच्याच हुकमाने वाजवायला लावून वर माझ्याच विरुद्ध तक्रार घ्यायची हा कुठला न्याय, असं त्यांना मोठ्याने म्हणायचं होतं. ते त्यांनी भाताला सांगितलं. पण सिस्टर ड्यूटीला जाता जाता सेक्रेटरींच्या दारात थांबल्या आणि म्हणाल्या की तो सूर तुमच्या सांगण्यावरून होता, तेव्हा कपाटात कुलूपबंद करायचं तर आधी तुम्हाला करावं लागेल. सेक्रेटरींनी वही मिटली. म्यूटसह वादनास तात्पुरती परवानगी मिळाली, आणि तीही रविवारपर्यंतच.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार जावकरावांनी ट्रम्पेट खाली ठेवलं नाही. दुकानदाराने सांगितलं होतं तसा सूर चढत होता. मोबाईलवरचा सूर दाखवणारा काटा बघून त्यांनी ट्रम्पेटची सूर लावायची नळी चांगली बोटभर बाहेर ओढून ठेवली, तेव्हा काटा जागेवर आला. फुंकायला जोर लागत होता. त्यांनी जोर लावला. तीन दिवसांत त्यांची छाती लोहाराच्या भात्यासारखी चालायला लागली. वरचा सूर लागायला लागला. निदान त्यांना तसं वाटत होतं, कारण ऐकू तर काहीच येत नव्हतं.

रविवारी सकाळी सातला त्यांनी शेवटचा सराव केला, इस्त्रीचा पांढरा सदरा घातला आणि म्यूट काढायला घेतला. म्यूट निघेना.

त्यांनी ओढला. बायकोने ट्रम्पेट धरलं आणि त्यांनी ओढला. मग त्यांनी ट्रम्पेट धरलं आणि बायकोने ओढला. म्यूट तसूभर हलला नाही. तेव्हा जावकरावांना ते आठवलं जे खात्यात शिपायालाही ठाऊक असतं: ताग ओला झाला की फुगतो, म्हणूनच सांधा गळत नाही. तीन दिवस त्यांच्या फुंकरीची वाफ त्या तागात मुरत होती. शहराच्या जलवाहिन्या चाळीस चाळीस वर्षं ज्याने उघडत नाहीत, त्याच उपायाने त्यांचं ट्रम्पेट बंद झालं होतं.

साडेआठ वाजले. सेक्रेटरी आवाज ऐकून आले आणि त्यांनी हातोडीने अलगद ठोकायचा सल्ला दिला. समोरच्यांनी तेल सांगितलं. कुणीतरी ट्रम्पेट गरम करा म्हणालं, कुणी गार करा म्हणालं. जावकराव घामाघूम होऊन पलंगावर बसले. चोपन्न वर्षं दहा महिने आणि काही दिवस. ते रडले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला. बायकोने ते पाहिलं आणि तीच म्हणाली, "चला, आहे तसं घेऊन जा. निदान जाऊन तर या."

नऊला दहा कमी असताना ते जिना उतरत होते आणि सिस्टर ड्यूटीवरून येऊन जिना चढत होत्या. डोळे तांबारलेले, खांद्याला पिशवी. त्यांनी जावकरावांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, ट्रम्पेटकडे पाहिलं, आणि पिशवी पायरीवर ठेवली.

"ओढू नका," त्या म्हणाल्या. "अडकलेली कुठलीच गोष्ट ओढायची नसते."

त्या तिथेच पायरीवर बसल्या. ट्रम्पेट मांडीवर घेतलं, पिशवीतून चिमटा काढला आणि कडेने दिसणारा तागाचा एकेक धागा टाका काढावा तसा बाहेर काढायला लागल्या. जावकराव घड्याळाकडे बघत होते आणि घड्याळाकडे बघायची लाज वाटून पुन्हा सिस्टरांकडे बघत होते. रात्रभर उभं राहिलेली बाई आपल्यासाठी पायरीवर बसली आहे, या विचाराने त्यांना कानकोंडं झालं. माझ्यामुळे तुमची झोप मोडतेय, असं ते पुटपुटले.

"मोडली कुठे? उलट गेल्या बुधवारनंतर तुमचा काही आवाजच नाही. मला वाटलं, त्या तक्रारीला घाबरून सोडून दिलंत. वाईट वाटत होतं मला."

"रोज आठ तास वाजवत होतो," जावकराव म्हणाले.

सिस्टरांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी म्यूट दोन्ही हातांनी धरला, हळूच डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला, आणि तो निघाला. नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. आभार मानायला जावकराव थांबले नाहीत; थांबले असते तर बस चुकली असती.

परीक्षा मीटर तपासणीच्या हॉलमध्ये होती. बँडमास्तर आठवडाभर पाण्याचे मीटर तपासायचा आणि रविवारी बँड. दोन्हीकडे त्याचा चेहरा एकच असे, काहीतरी गळतंय असा संशय आलेला. आधीचे तीन उमेदवार तिशीच्या आतले होते आणि तिघेही गोड वाजवून बाहेर आले. जावकरावांचा नंबर चौथा आणि शेवटचा. बँडमास्तरने आपल्या ट्रम्पेटवर एक सूर दिला आणि मानेने खूण केली.

जावकरावांनी फुंकलं. तीन दिवस बंद बुचावर जो जोर लावला होता तोच लावला, आणि पुढे आता बूच नव्हतं. जो आवाज निघाला त्याने मीटरांच्या काचा थरथरल्या. बाहेरच्या बाकावरचे तिघं उठून दारात आले. शिवाय सूर उतरलेला लागला होता, चांगला अर्ध्या सुराने खाली. बँडमास्तरने पेन खाली ठेवलं.

"पुढच्या वेळी—"

पुढची वेळ नव्हती. जावकरावांना एका क्षणात कळलं की नळी अजून बोटभर बाहेरच आहे. त्यांनी ती खटकन आत ढकलली आणि म्हणाले, "मी पुन्हा वाजवणार आहे." बँडमास्तरने "अं?" केलं नाही. हॉलमधल्या शेवटच्या मीटरापर्यंत ते ऐकू गेलं होतं, आणि ते बोलणारा आपणच आहोत हे कळून जावकरावच दचकले. कुणी होकार द्यायच्या आत त्यांनी संचलनगीताला हात घातला. सूर आता जागेवर होता. आवाज मात्र जागेवर राहीना. हळू वाजवायचं त्यांनी मनात ठरवलं होतं, पण छाती ऐकेना. सोळा मात्रा ते वाजवत गेले, वरचा सूर आला, तो त्यांनी घेतला आणि धरून ठेवला, आणि त्या वेळी त्यांना परीक्षेचं भान उरलं नव्हतं. इतका आनंद त्यांना याआधी कधी झाला होता का, हे त्यांना नंतर आठवून पाहावं लागलं.

हॉल शांत झाल्यावर बँडमास्तर कानात बोट घालून म्हणाला, "आवाज फार मोठा आहे तुमचा. तिसऱ्या ट्रम्पेटला एवढा नसतो."

जावकरावांनी अदबीने विचारलं, "हे लेखी मिळेल का?"

बँडमास्तरला वाटलं, हा आता वरती अपील करणार. त्याने अर्जावर जपून, शब्द निवडून लिहिलं, खाली सही केली, शिक्का मारला आणि प्रत दिली.

जावकराव घराच्या जिन्याशी आले तेव्हा साडेअकरा वाजले होते. सिस्टर झोपलेल्या असणार म्हणून त्यांनी बूट काढून हातात घेतले. पण सिस्टरांचं दार उघडं होतं आणि त्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, अजून हॉस्पिटलच्याच कपड्यांत. जिन्याच्या वरच्या पायरीवर जावकरावांची बायको उभी होती.

जावकरावांनी कागद उघडला आणि वाचून दाखवला: "उमेदवाराचा आवाज आवश्यकतेपेक्षा मोठा आहे." एकदा वाचून त्यांचं भागलं नाही. त्यांनी तो पुन्हा वाचला, शिक्का दाखवला, सही दाखवली. बायको दोन पायऱ्या खाली आली. "अहो, म्हणजे घेतलं नाही का?" तिने विचारलं.

ते तर जावकरावांनी बघितलंच नव्हतं. येताना बसमध्ये त्यांनी ती एकच ओळ निदान तीस वेळा वाचली होती.

सिस्टरांनी कागद त्यांच्या हातातून घेतला. हॉस्पिटलात कुठलाही कागद त्या आधी खालून वाचायच्या. रोग्याचं काय झालं ते शेवटच्या ओळीत असतं.

"संचलनासाठी योग्य. निवड केली आहे," त्या म्हणाल्या. "मंगळवारपासून सराव."

जावकरावांच्या बायकोने तोंडाला पदर लावला. जावकराव बूट हातात घेऊन तसेच उभे राहिले. सिस्टरांनी कागद नीट घडी करून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला, मी आता झोपते, आजच्या दिवस तरी वाजवू नका असं सांगितलं, आणि दार लावून घेतलं.